शिष्य होणं आणि शिष्य घडवणं : कोल्हापुरात राहून ख्रिस्ताची साक्ष कशी द्यावी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी बरीच वर्षं मोल्डिंगचं काम केलं. एकदा दुपारी डबा खाताना शेजारच्या मशीनवरच्या सोबत्यानं विचारलं, "तुमच्या देवाकडं आमच्यासारख्यांनी मागितलं तर चालतं का ओ?" मी लगेच सुरू झालो. आदाम, मोशे, पापाचं वेतन मरण, सगळं अर्ध्या तासात सांगून टाकलं. भोंगा झाला, तसा तो डबा बंद करून उठला. दोन दिवसांनी कळलं की त्याची आई आठवडाभर दवाखान्यात, अतिदक्षता विभागात होती. त्याला एक प्रार्थना हवी होती आणि मी त्याच्या आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढं जे लिहितोय ते त्या दुपारपासून हळूहळू शिकलो. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांसाठी लिहितोय. सुवार्ता, म्हणजे येशूची आनंदाची बातमी, सांगावी अशी ओढ आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशांसाठी.

आधी आपलं काय ते ठरवा

आपल्यापैकी कितीतरी जण तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आहोत. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये आजही मराठीत उपासना होते. आजोबांचा बाप्तिस्मा झाला, वडील मंडळीत 'वडील' म्हणजे एल्डर होते, आई महिला मंडळात होती, हा वारसा मोठा आहे. तरी शिष्यपण वारसानोंदीनं आपल्या नावावर चढत नाही. बायबलमधल्या लूक या पुस्तकात, ९:२३ मध्ये, येशू म्हणतो की ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्यानं स्वतःला नाकारावं, दररोज आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे चालावं. हेच वचन मत्तय आणि मार्कमध्येही आहे, पण 'दररोज' हा शब्द फक्त लूक देतो. त्या शब्दापाशी थांबा आणि एका कागदावर लिहा : गेल्या महिन्यात येशूनं सांगितलं म्हणून मी कोणती गोष्ट केली, किंवा कोणती सोडली? उत्तर सापडलं नाही तर घाबरू नका, पण दुसऱ्याला सांगायला निघण्याआधी ते उत्तर शोधायला लागा.

सकाळचा अर्धा तास

मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे, अजून अंधार असताना उठतो आणि एकांतात प्रार्थना करतो. कोल्हापुरात पहाटे उठणं कुणाला नवीन नाही. घरात म्हैस असेल तर धारेसाठी उठावंच लागतं आणि पहिल्या पाळीची बस कुणासाठी थांबत नाही. त्याच्या आधीचा अर्धा तास काढा. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर, चहाच्या आधी. वेळ कुठली हे महत्त्वाचं नाही, ती रोज तीच असावी एवढंच.

पाच मिनिटं गप्प बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. पंधरा मिनिटं वाचा, तेही मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढं पळतात. उरलेली दहा मिनिटं प्रार्थना. वाचायची सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत, दिवसाला एक घेतला तर सव्वादोन आठवड्यांत होतो. त्यानंतर लूक, मग प्रेषितांची कृत्ये. सोबत रोज एक स्तोत्र. ती दीडशे आहेत, म्हणजे पाच महिने पुरतील. साधी शंभर पानी वही घ्या आणि रोज तीन ओळी लिहा : या भागात देव कसा दिसला, माणूस कसा दिसला, आज मी काय करणार. तिसरी ओळ टाळू नका. 'प्रेम करीन' असं लिहिलं तर संध्याकाळी काही तपासता येत नाही. 'भावाला फोन करून वाटणीवरून बोललो त्याची माफी मागीन' असं लिहिलं तर येतं.

एकट्यानं चालू नका

रविवारची उपासना, प्रभुभोजन, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली गीतं, तरुण संघ, हे सगळं धरून ठेवा. पण बाकावर शेजारी बसून माणूस माणसाला ओळखत नाही. २ तीमथ्य २:२ वाचा. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, सांगितलं, तीमथ्यानं विश्वासू माणसांना सोपवायचं, त्यांनी आणखी दुसऱ्यांना शिकवायचं. एका वचनात चार पिढ्या आहेत. तुमच्या मागची एक आणि पुढची एक, अशी दोन माणसं तुमच्याकडं असायला हवीत.

मंडळीतल्या एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याकडं जा. पुरुषानं पुरुषाकडं, बाईनं बाईकडं जावं. गाव आपलं आहे, बोलणाऱ्यांना विषय देऊ नये. सरळ विचारा, "काका, आठवड्यातनं एक तास मला द्याल का?" बहुतेक जण आधी 'मी कसला शिकवणार' म्हणतात, पण मनातून त्यांना बरं वाटतं. मी माझ्या काकांबरोबर रंकाळ्यावर चालायचो. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळं कठीण गोष्टी तोंडातून लवकर निघतात. ते दर वेळी तेच तीन प्रश्न विचारायचे : काय वाचलंस, कुठं पडलास, कुणासाठी प्रार्थना करतोयस. पैशाबद्दल आणि मोबाईलवर एकटा असताना काय बघतोस याबद्दलही विचारायचे. ते प्रश्न नकोसे वाटायचे, पण माझी जी काही वाढ झाली ती त्यांनीच केली.

पाच नावं

वहीच्या पहिल्या पानावर पाच माणसांची नावं लिहा. ख्रिस्ताला न ओळखणारी, पण तुम्हाला ओळखणारी माणसं : शेजारी, कामावरचा सोबती, वर्गमित्र, किराणावाले मामा, सासरकडचं कुणी. रोज नाव घेऊन प्रार्थना करा आणि नुसतं 'त्यांचं तारण कर' म्हणू नका. मुलीच्या बारावीसाठी मागा, बंद पडलेल्या पॉवरलूमसाठी मागा. असं मागायचं तर त्यांच्या घरात काय चाललंय हे माहीत असावं लागतं. प्रार्थना आपोआप तुम्हाला त्यांच्या उंबऱ्यापर्यंत नेते.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत शिकताना तो आणि त्याची बहीण ग्रेस विद्यार्थ्यांमधून सुवार्तेसाठी माणसं निघावीत म्हणून मिळून प्रार्थना करायचे. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं शंभर विद्यार्थी त्यासाठी पुढं आले आणि त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवकांची जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. भाऊ आणि बहीण एवढ्या दोघांच्या प्रार्थनेपासून हे सुरू झालं. तुमच्या घरात बहीण असेल तर आजच तिला विचारा.

ऐकणं

प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प रथाजवळ धावत जातो. रथातला माणूस काय वाचतोय ते आधी ऐकतो, मग एक प्रश्न विचारतो, बोलावल्यावर रथात बसतो आणि त्यानंतर बोलतो. माझ्या फाउंड्रीतल्या दुपारी यातलं पहिलं सगळं मी गाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सोबती जिन्यात पायरीवर बसला होता, हातात औषधांची चिठ्ठी. मी शेजारी बसलो. बराच वेळ काहीच बोललो नाही. मग म्हणालो, "भावा, त्या दिवशी चुकलो. आईचं नाव काय?" त्यानं सांगितलं. "इथंच प्रार्थना केली तर चालंल का?" त्यानं मान हलवली. मी तीन-चार वाक्यांतच प्रार्थना केली आणि आईचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा तो चिठ्ठीची घडी घालत होता, उघडत होता, पुन्हा घालत होता. आई महिन्याभरानं घरी आली. तो ख्रिस्ती झाला नाही. पण त्यानंतर घरात काही झालं की पहिला फोन मला करतो, आणि येशूबद्दल जेवढं तो विचारतो तेवढं मी सांगतो.

कुणी दुःख सांगितलं की लगेच वचन काढू नका. दोन प्रश्न आणखी विचारा. कुणासाठी प्रार्थना करायची असेल तर परवानगी घ्या, प्रार्थना छोटी ठेवा आणि 'प्रभू नक्की बरं करील' अशी हमी देऊ नका. आपल्याकडं देवाशी बोलणं म्हटलं की नवस आठवतो : काम झालं तर हे करीन. आपण हमी दिली की आपली प्रार्थनाही नवसातच जमा होते आणि काम नाही झालं तर माणूस येशूलाच सोडून देतो.

आपली साक्ष तीन मिनिटांत

योहान ९:२५ मध्ये, आधी आंधळा असलेला मनुष्य परूश्यांसमोर, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांसमोर, धर्मशास्त्र मांडत नाही. मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढंच सांगतो. तुम्हीही तेवढंच सांगा. आधी कसा होतो, येशूनं कसं गाठलं, आता काय बदललं आणि काय अजून बदलतंय. लिहून काढा, मोठ्यानं वाचा, घड्याळ लावा. तीन मिनिटांवर गेलं तर कापा. दारू सुटली, बायकोला मारणं सुटलं अशी मोठी गोष्ट नसली तरी चालतं. 'लहानपणापासून चर्चला जायचो, पण मरणाची भीती जात नव्हती. आजीच्या अंत्यविधीला एक वचन ऐकलं आणि तिथून वेगळं झालं', ही साक्ष पुरेशी आहे. पूर्वीचं पाप रंगवू नका, आजचं चांगुलपण फुगवू नका. कोल्हापुरात तुमचा चुलतभाऊ समोरच्याच्या मेव्हण्याच्या वर्गात असतो. खोटं दोन दिवसांत उघडं पडतं.

शब्द जपून वापरा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण आपल्या चर्चची मराठी आणि महाद्वार रोडवरची मराठी यांच्यात मोठं अंतर पडलंय आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

'तारण' घ्या. कुठल्याही पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' लिहिलेलं असतं. तुम्ही एखाद्याला 'तुमचं तारण झालंय का?' विचारलं तर त्याच्या डोळ्यासमोर बायकोच्या पाटल्या येतात. त्यापेक्षा 'देवानं मला वाचवलं, बुडताना हात धरला' असं सांगा. पूर पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो.

'नवा जन्म' म्हटलं की समोरचा पुनर्जन्म समजतो आणि म्हणतो, 'आमच्यातपण तेच आहे.' मग दोघांना वाटतं एकमत झालं आणि दोघंही चुकतात. योहान ३ मध्ये निकदेम नावाचा यहुदी पुढारीही यावर अडखळला होता, म्हणून त्याचीच गोष्ट सांगा : याच आयुष्यात, याच शरीरात, आतून नव्यानं सुरुवात.

'पाप' म्हटलं की खून, दरोडा, बाहेरख्यालीपणा. 'मी कुणाचं वाईट केलं नाही' हे उत्तर ठरलेलं. तिथं वाद घालू नका. स्वतःचं उदाहरण द्या : सख्ख्या भावाचं चांगलं झालेलं मला बघवेना, ते कुठून आलं? आणि पुण्याच्या हिशेबात ते कसं फिटायचं? 'देवाचा पुत्र' म्हटल्यावर काहींना देवाला बायको होती असं वाटतं. 'मंडळी' म्हटल्यावर घरची मंडळी आठवतात. 'वचन' म्हणजे दिलेला शब्द. हे शब्द टाकून द्यायचे नाहीत, पण वापरले की लगेच सोप्या भाषेत उलगडून सांगायचे.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. शिक्षण न मिळालेल्या बाईलाही ते कळावं ही त्यांची तळमळ होती. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचा अनुवाद त्यानंतर छापून पूर्ण झाला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनातून आणि भजनांतून सांगितली आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. ज्याच्या घरात हरिपाठ होतो त्याच्याशी बोलताना हे लक्षात ठेवा. त्याच्या भक्तीतली तहान खरी आहे, तिची थट्टा करायची नाही.

सुवार्ता म्हणजे नेमकं काय सांगायचं

गाभा १ करिंथ १५:३-४ मध्ये आहे : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. हे पाठ असू द्या. पण बोलताना मी बहुधा लूक १५ मधल्या धाकट्या मुलापासून सुरुवात करतो, कारण आपल्या जिल्ह्यात वाटण्यांची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

बाप जिवंत असताना धाकटा म्हणतो, माझा हिस्सा द्या. म्हणजे सातबाऱ्यावर बापाचं नाव असताना तो जणू मेलाच असं धरायचं. गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. पोरगा सगळं फुंकून टाकतो, डुकरं राखायला लागतो आणि परतताना मनाशी ठरवतो : मुलगा म्हणून नको, गडी म्हणून ठेव. इथं मी थांबतो आणि विचारतो, "आपल्या गावात असा पोरगा परत आला तर बाप काय करंल?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणी म्हणतं, दारात उभा करणार नाही. कुणी म्हणतं, आई मागच्या दारानं जेवायला घालंल. मग सांगतो की तो म्हातारा धोतराचा सोगा हातात धरून रस्त्यानं पळत सुटला. अख्खं गाव बघत होतं. पोराचं पाठ केलेलं बोलणं त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

त्यानंतर एवढंच जोडतो : ती लाज बापानं अंगावर घेतली. येशूनं वधस्तंभावर तेच केलं, आणि तो उठला, म्हणून घराचं दार आजही उघडं आहे. परत फिरायचं की नाही, हे प्रत्येकानं स्वतः ठरवायचं. आणि हो, घरीच राहून बापावर रुसलेल्या मोठ्या भावाला विसरू नका. तो आपल्यासारख्या चर्चमध्ये वाढलेल्यांसाठी आहे.

मार्क मिळून वाचा

कुणी आणखी ऐकायला तयार असेल तर त्याला पत्रक देऊन सोडू नका. 'सोळा आठवडे, आठवड्याला एक अध्याय, चहा माझ्याकडं' असं सांगा. त्यानं मोठ्यानं वाचावं, मग तुम्ही चार प्रश्न विचारा : काय आवडलं, काय खटकलं, येशू कसा वाटला, हे खरं असेल तर तुमच्या घरात काय बदलेल? तुम्ही कमी बोला. उत्तर आलं नाही तर 'पाळकांना विचारून सांगतो' म्हणा आणि खरंच विचारून या. दुसऱ्या अध्यायात चौघे जण लुळ्या मित्राला छपरातून खाली सोडतात तिथं गप्पा रंगतात. सातव्या-आठव्या अध्यायाच्या आसपास बरेच जण यायचे थांबतात. रागावू नका. चौथ्या अध्यायात शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो, बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही. आडसाली ऊस लावणारा आपला शेतकरी सोळा-अठरा महिने थांबतो, रोज कोंब उपटून मूळ बघत नाही.

काय करायचं नाही

संविधानाच्या २५ व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. कायद्याआधी येशूचीच रीत तशी आहे. 'सगळं विकून माझ्यामागे ये' हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूनं त्याला हात धरून थांबवलं नाही.

म्हणून पैसा, नोकरी, शाळेचा प्रवेश, औषध यांच्याबरोबर सुवार्ता बांधू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर काढावी लागली. तेव्हा आमच्यातल्या काहींनी धान्याच्या पिशवीत पत्रक घालायचं सुचवलं. चर्चा झाली आणि नाही असं ठरलं. भुकेल्या माणसाला पिशवी परत करता येत नाही, म्हणून पत्रकही नाकारता येत नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही घराघरातला गाळ उपसत होतो. एका आजीनं विचारलं, "कुठल्या मंडळाची पोरं रं तुम्ही?" आमच्यातला एक म्हणाला, "चर्चची, आजी." तिनं फडकं दिलं आणि म्हणाली, "मग देव्हाऱ्याची फळी तेवढी जपून उचला." त्यानं जपून उचलली, पुसली आणि कोरड्या जागी ठेवली. त्याहून चांगली साक्ष मला सुचत नाही.

कुणाच्या देवाला नावं ठेवू नका. अल्पवयीन मुलांना आईवडिलांच्या पाठीमागं काही शिकवू नका. सोसायटीच्या किंवा कामाच्या व्हॉट्सॲप गटावर वचनं टाकू नका. प्रसादाचा प्रश्न रोजचा आहे. १ करिंथ ८ आणि १० वाचून आपल्या पाळकांशी बोला, विश्वासणाऱ्यांत यावर मतं वेगळी आहेत. मी घेत नाही. हात जोडून 'माझ्या श्रद्धेनं मला चालत नाही, राग मानू नका' म्हणतो, आणि त्याच माणसाच्या डब्यातला खर्डा मागून खातो. नकार पदार्थाला आहे, माणसाला नाही, हे त्याला दिसलं पाहिजे.

कुणी 'मला येशूच्या मागं यायचंय' म्हणालं तर

आनंद करा आणि घाई करू नका. पहिला प्रश्न विचारा : घरी माहीत आहे का? मार्क ५:१९ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला येशू सोबत घेत नाही, आपल्या घरी, आपल्या माणसांत जा म्हणतो. नव्या विश्वासणाऱ्याला घरापासून तोडून आपल्यात ओढू नका. नाव बदलायची, पेहराव बदलायची, बहिणीच्या लग्नाला न जायची गरज नाही. विवाहित बाई असेल तर मंडळीतल्या जाणत्या बायकांनी तिच्याबरोबर चालावं आणि तिच्या नवऱ्याशी आपण आदरानं वागावं. पाळकांना सांगा, बाप्तिस्म्याआधीच्या शिक्षणाला काही महिने द्या, मन बदललं तर मागं फिरायची मोकळीक द्या. कायद्यानं काही कागद लागत असतील तर ते आधी एखाद्या वकिलाकडून नीट समजून घ्या आणि सगळं उघडपणे करा.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याला मोठ्या अक्षरांचं बायबल आणि एक शंभर पानी वही द्या. वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे. पाचही नावं बहुधा त्याच्या घरातलीच असतील.